खोटी आयपी तक्रार आली आणि लिस्टिंग बंद पडलं: नाशिकच्या ऑनलाइन विक्रेत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नाशकात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. काही वर्षांपासून ऑनलाइनही विकतो. धनत्रयोदशीला अकरा दिवस राहिले असताना आमचा सगळ्यात जास्त खपणारा तांब्याचा जग एका सकाळी मार्केटप्लेसवरून गायब झाला. कारण दिलं होतं, बौद्धिक संपदा (आयपी) हक्काचं उल्लंघन. जग आमच्याच गल्लीत ठोकलेला, खोक्यावर आमचंच नाव! ते प्रकरण निस्तरल्यापासून येवल्याहून, सिन्नरहून, पंचवटीतून फोन येतात आणि प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. मी वकील नाही. जिथे वकील लागतो तिथे तसं सांगितलंय.

मेल आत्ताच आलाय. पहिल्या तासाभरात काय करू?

काहीही पाठवू नका. आधी सगळं साठवा: पूर्ण मेल, तक्रार क्रमांक, प्रॉडक्टचा आयडी, तक्रारदाराचं नाव आणि ईमेल, त्याने सांगितलेला ट्रेडमार्क किंवा डिझाइनचा नंबर, आणि अकाउंट हेल्थच्या, म्हणजे खात्यावरच्या तक्रारी दिसतात त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट. जाहिराती चालू असतील तर थांबवा.

दोन चुका हमखास होतात. एक, लोक घाबरून लिस्टिंग, म्हणजे मालाचं विक्रीचं पान, डिलीट करतात. त्याने तक्रार जात नाही, पुरावा मात्र जातो. दुसरी, तोच माल नव्या लिस्टिंगवर किंवा बायकोच्या नावच्या अकाउंटवरून चढवतात. ही तर स्वतःच्या पायावर कुऱ्हाड. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत, काढून टाकलेला माल पुन्हा पुन्हा विकायला ठेवणाऱ्या विक्रेत्यांची नोंद ठेवायचा प्रयत्न मार्केटप्लेसने करावा, असं लिहिलेलंच आहे. तुमची बाजू खरी असली तरी त्या यादीत कशाला जायचं?

तक्रार खोटी आहे हे ठरवायचं कसं?

आधी ती खरी तर नाही ना, हे बघा. राग येऊ देऊ नका, पण मला फोन करणाऱ्यांपैकी काहींच्या डब्यांवर सरळसरळ कार्टून छापलेलं असतं, काहींच्या मोबाइल कव्हरवर कंपनीचा लोगो असतो. 'सगळेच विकतात' हा बचाव नाही.

मग तक्रार नेमक्या कुठल्या हक्काची आहे ते वाचा. ट्रेडमार्क म्हणजे नाव किंवा चिन्ह. कॉपीराइट म्हणजे फोटो, मजकूर, चित्र. डिझाइन म्हणजे वस्तूचा आकार, नक्षी. पेटंट म्हणजे शोध. आणि 'बनावट माल' हा आरोप या सगळ्यांहून वेगळा आणि जड. प्रत्येकाला उत्तर वेगळं आहे. ट्रेडमार्कच्या तक्रारीला नुसती खरेदीची बिलं जोडून, आणि फोटोच्या तक्रारीला ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट जोडून पाठवलेली ॲपील्स मी पाहिली आहेत. ती नाकारली गेली यात नवल नाही.

समोरच्याने ट्रेडमार्क नंबर दिलाय. तो तपासता येतो का?

येतो, फुकट येतो, आणि पाच मिनिटांत येतो. तरी दहातले नऊ जण हे करत नाहीत, असा माझा आपला अंदाज. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर सार्वजनिक शोधाची सोय आहे. तिथे अर्ज क्रमांक टाकला की अख्खी कुंडली समोर येते.

माझ्या प्रकरणात तक्रारदाराने 'ताम्र' या शब्दावर हक्क सांगितला होता. माझ्या शीर्षकात 'ताम्र जलपात्र' असं होतं. रात्री दुकान बंद करून गल्ल्यावरच बसून नंबर टाकला. स्टेटस आलं 'ऑब्जेक्टेड', म्हणजे परीक्षकानेच आक्षेप घेतलेला, नोंदणी झालेलीच नाही. खाली वर्ग पाहिला तर २५. वर्ग २५ म्हणजे कपडे, पादत्राणं. भांडी येतात २१ मध्ये. साड्या-कुर्त्यांसाठी केलेल्या, अडकून पडलेल्या अर्जाच्या जोरावर माझा तांब्याचा जग बंद पाडला होता. हसावं की रडावं कळेना.

त्या पानावर पाच गोष्टी बघा. स्टेटस 'रजिस्टर्ड' आहे का? वर्ग कोणता? मालकाचं नाव आणि तक्रारदाराचं नाव एकच आहे का? चिन्ह नुसता शब्द आहे की चित्रासकट लोगो? आणि 'वापर केव्हापासून' ही तारीख तुमच्या पहिल्या बिलाच्या नंतरची आहे का? शेवटचा मुद्दा मोलाचा आहे, कारण ट्रेडमार्क कायदा १९९९ चं कलम ३४ आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण देतं. तुम्ही त्याच्या वापराच्या आणि त्याच्या नोंदणीच्याही आधीपासून, सलग ते नाव वापरत असाल तर नंतर आलेला नोंदणीवाला तुम्हाला रोखू शकत नाही.

एक सावधगिरी. वर्ग वेगळा म्हणजे आपण सुटलो, असं डोळे मिटून धरू नका. माल मिळताजुळता असेल किंवा समोरचं नाव देशभर गाजलेलं असेल तर दुसऱ्या वर्गातही उल्लंघन होऊ शकतं. नोंदणी नसलेल्या नावालाही पासिंग ऑफच्या, म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवल्याच्या दाव्याने संरक्षण मिळतं, पण त्यासाठी बाजारातली पत सिद्ध करावी लागते. नुसता अर्ज नंबर पुरत नाही. नोंदणी नसताना ती आहे असं भासवणं, म्हणजे गोलातला आर लावणं, याला कलम १०७ मनाई करतं.

'नथ', 'गडू', 'पैठणी' असे शब्द कुणाच्या मालकीचे असू शकतात का?

मालाचा प्रकार, गुण किंवा मूळ ठिकाण सांगणाऱ्या शब्दाला सहसा नोंदणीच मिळत नाही, आणि कुणी लोगोत असा शब्द घालून नोंदणी मिळवली तरी तुम्ही तो वर्णन म्हणून वापरण्यावर बंदी येत नाही. कलम ३० आणि ३५ त्यासाठीच आहेत. ॲपीलमध्ये स्पष्ट लिहा की हा शब्द मी ब्रँड म्हणून नाही, वस्तूचं नाव म्हणून वापरलाय. आणि खरोखर तसाच वापरा. शीर्षकात पहिला शब्द तुमचा ब्रँड, मग वस्तूचं नाव.

पैठणीची गोष्ट थोडी निराळी. पैठणीला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय आहे. ते एका दुकानदाराचं नसतं, त्या भागातल्या उत्पादकांचं असतं, त्यामुळे 'पैठणी माझा ब्रँड आहे' असं कुणी म्हणत असेल तर ते हास्यास्पद. पण यंत्रमागावरची साडी 'अस्सल येवला पैठणी' म्हणून विकली आणि विणकरांकडून तक्रार आली, तर ती खोटी म्हणू नका. सेमी पैठणी असेल तर सेमी पैठणी लिहा.

पारंपरिक नक्षीवर कुणीतरी डिझाइनची नोंदणी करून आम्हालाच रोखतंय. काय करायचं?

हा प्रकार नथींत आणि भांड्यांत वाढलाय. डिझाइन कायदा २००० प्रमाणे नोंदणी नव्या किंवा मूळ डिझाइनलाच मिळते. मुदत दहा वर्षं, पुढे पाच वाढवून मिळतात. पण सर्टिफिकेट मिळालं म्हणजे नक्षी नवीच होती हे कायमचं सिद्ध झालं, असं नाही. नोंदणीच्या तारखेआधी ती कुठे प्रसिद्ध झाली असेल तर कलम १९ खाली नोंदणी रद्द करून मागता येते. हा अर्ज कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात जातो. कोर्टात दावा आलाच तर रद्द होण्याची कारणं तिथे बचाव म्हणूनही मांडता येतात.

म्हणून शोधायचं काय, तर तारीख असलेला जुना पुरावा. छापील कॅटलॉग, दिवाळी अंकातली जाहिरात, तुमचीच जुनी लिस्टिंग, सोशल मीडियावरची जुनी पोस्ट. ओळखीच्या एका नथवाल्यांनी लग्नाचा अल्बम काढला. छपाईचं वर्ष मागच्या पानावर होतं आणि नवरीच्या नाकात नेमकी तीच बानू नथ! कोर्टात अल्बमच्या जोडीला छापील, प्रसिद्ध झालेलं काही लागेल, पण मार्केटप्लेसच्या माणसाला तेवढा अल्बम पुरला.

कुणी डिझाइनऐवजी नक्षीवर कॉपीराइट सांगितला तर कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १५ वाचा. डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही अशी नक्षी औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त वस्तूंवर उतरली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो.

फोटो माझाच, चोरला त्याने, आणि तक्रार माझ्यावर! असं होतं?

होतं. माझ्याच बाबतीत झालं. ट्रेडमार्कवर फसल्यावर त्याच माणसाने चार दिवसांनी जगाच्या फोटोवर कॉपीराइटची तक्रार टाकली. फोटो मी घरी काढलेला. आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडप्प्याला डाव्या कोपऱ्यात एक चीर आहे. पाटा आपटला होता, तेव्हापासूनची. फोटोत जगाच्या बुडाशी ती वाकडी चीर दिसते. मी त्याच जागी, त्याच कोनातून त्या दिवशीचा पेपर ठेवून नवा फोटो काढला आणि दोन्ही शेजारी-शेजारी लावून पाठवले. सोबत कॅमेऱ्यातली मूळ फाइल. लिस्टिंग दोन दिवसांत परत. त्या चिरेवरून घरात इतकी वर्षं बोलणी खाल्ली होती, ती तेव्हा वसूल झाली.

फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतले असतील तर पैसे दिल्याचं बिल सांभाळा. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच असतो असं कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर घेऊ नका. त्यात तारीख-वेळेची आतली माहिती पुसली जाते. पेनड्राइव्हवर घ्या.

माल अस्सल आहे, बिल आहे, पण 'तुम्ही अधिकृत डीलर नाही' म्हणून तक्रार आली. ही खरी की खोटी?

कायद्याच्या नजरेने बहुतेकदा खोटी. ब्रँडच्या मालकाने किंवा त्याच्या संमतीने माल एकदा बाजारात आला की तो पुढे विकणं ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३०(३) प्रमाणे उल्लंघन ठरत नाही. सॅमसंगच्या प्रिंटरच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ साली हे परदेशातून आणलेल्या अस्सल मालालाही लागू केलं. मात्र वॉरंटी कंपनीची नाही हे ग्राहकाला स्पष्ट सांगा, असंही बजावलं. मालात बदल किंवा खराबी झालेली असेल तर हा बचाव टिकत नाही. म्हणजे खोकं फोडून सुटा माल विकणाऱ्यांनी जपून.

व्यवहारात अडचण दुसरीच. मार्केटप्लेस स्वतःच्या कराराने एखादा ब्रँड ठराविक विक्रेत्यांपुरता बंद ठेवू शकतं. ते आयपीचं उल्लंघन नव्हे, पण लिस्टिंग तरी बंदच राहतं. अशा वेळी तक्रार मागे घ्यायला लावा, म्हणजे खात्यावरचा डाग जाईल, आणि त्या ब्रँडचा नाद सोडा.

'अमुक मिक्सरला बसणारं भांडं' असं लिहिता येतं का?

येतं. सुट्या भागांसाठी आणि जोडवस्तूंसाठी कायद्यात तशी सूट आहे. 'साठी चालणारं' हे शब्द ठेवा, लोगो लावू नका, ब्रँडच्या रकान्यात त्यांचं नाव टाकू नका.

कारागीर चिठ्ठीवर माल देतात. पक्कं बिल कुठून आणू?

भांडी बाजारातला खरा दुखरा प्रश्न हाच. 'बनावट माल' अशी तक्रार आली की मार्केटप्लेस पहिल्यांदा बिलं मागतं. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी सहसा मागच्या ३६५ दिवसांतली, पुरवठादाराचं नाव-पत्ता असलेली, विकलेल्या संख्येशी जुळणारी. आणि आपल्याकडे काय असतं? पाठकोऱ्या कागदावर 'जग ४० नग, जमा' आणि खाली सही.

खोटं बिल बनवायच्या भानगडीत पडू नका. पुरवठादाराला फोन करून खात्री करतात आणि बनावट कागद सापडला तर खातं कायमचं जातं, शिवाय जीएसटीचं लचांड वेगळं. त्यापेक्षा साखळी दाखवा. तांब्याचा पत्रा घेतला त्या व्यापाऱ्याचं जीएसटी बिल. कारागिराला पत्रा दिला त्याचं जॉबवर्कचं चलन. मजुरी बँकेतून दिल्याची नोंद. ठोकाईचे, कल्हईचे, पॉलिशचे तारीखवार फोटो. आणि तुमच्या नावाचं खोकं छापल्याचं प्रेसचं बिल. कारागीर नोंदणीकृत नसेल तर दर खेपेला खरेदीचं व्हाउचर करा, नग आणि वजन लिहून त्याची सही घ्या, पैसे रोख देऊ नका. आमचे तांबटकाका सुरुवातीला कुरकुरले, 'तुझ्या बापाने कधी सही मागितली नव्हती' म्हणाले. आता ते स्वतःच व्हाउचरबुक पुढे करतात.

हे सगळं तक्रार आल्यावर जमवता येत नाही. आजपासून सुरू करा. सिंहस्थाच्या दिवसांत गोदाजलाच्या गडूंना मागणी असणार, आणि मागणी आली की एकमेकांचे पाय ओढणंही येणार.

ॲपील कसं लिहायचं? प्लॅन ऑफ ॲक्शनचा तयार नमुना वापरू का?

अजिबात नको. प्लॅन ऑफ ॲक्शन म्हणजे काय चुकलं आणि काय सुधारणार हे सांगणारं पत्र. ते फिरणारे नमुने 'आमची चूक झाली, पुन्हा होणार नाही' असं सुरू होतात. चूक केलीच नाही तर कबुली कशाला? ती खात्यावर राहते आणि उद्या समोरचा कोर्टात गेला तर तुमच्याच सहीचा कागद तुमच्या विरोधात येऊ शकतो.

थोडक्यात लिहा. माझं ॲपील साधारण असं होतं, फक्त पाठवलं इंग्रजीत: 'तक्रार क्रमांक अमुक. तक्रारदाराने सांगितलेला अर्ज नोंदणीकृत नाही. रजिस्ट्रीच्या आजच्या नोंदीची प्रत जोडली आहे. अर्ज वर्ग २५ मधला आहे, माझा माल वर्ग २१ मधला. ताम्र म्हणजे तांबं. हा शब्द मी धातूचं वर्णन म्हणून वापरला आहे. माल माझ्या स्वतःच्या ब्रँडचा आहे. पत्र्याचं बिल, जॉबवर्क चलन आणि खोक्याचा फोटो जोडला आहे. मी कोणतंही उल्लंघन केलेलं नाही. लिस्टिंग पूर्ववत करावं आणि ही नोंद खात्यावरून काढावी.' बस. घरातली अडचण, बँकेचा हप्ता, दिवाळी तोंडावर आलीय, हे सगळं खरं असलं तरी वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. नाकारलं गेलं तर तोच मजकूर पुन्हा पाठवू नका, नवा पुरावा जोडा.

तक्रारदाराशी थेट बोलू का?

एकदा, मेलवर, सभ्य भाषेत. मुद्दे आणि पुरावा द्या, सात दिवसांत तक्रार मागे घ्यायला सांगा. तक्रार केली त्याच ईमेलवरून, तक्रार क्रमांक घालून त्याने मार्केटप्लेसला कळवलं की काम सगळ्यात लवकर होतं. फोनवर भांडू नका, विक्रेत्यांच्या ग्रुपवर त्याचं नाव घेऊन शिव्या घालू नका, नाहीतर बदनामीची नोटीस तुम्हालाच.

'पन्नास हजार द्या, तक्रार मागे घेतो' असा निरोप आला तर मात्र बोलणं थांबवा. जाणूनबुजून खोट्या तक्रारीची भीती घालून पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मधल्या खंडणीत बसू शकतं. चॅट जपा आणि वकिलाला दाखवून सायबर पोलिसांकडे जा.

मार्केटप्लेस आमचं ऐकतच नाही. आधी माल काढतात, मग विचारतात. असं का?

गोदामाच्या मालकासारखं समजा. गाळ्यात दुसऱ्याचा माल आहे. भानगड कळल्यावरही ठेवला तर तोही गोत्यात. आयटी कायद्याचं कलम ७९ त्याला वाचवतं, पण अटींवर. म्हणून तो आधी तुमचा माल बाहेर काढतो. मला हे पटत नाही, पण त्याच्या बाजूने ते सोपं आहे.

ॲपीलने काम झालं नाही तर वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल दिलेला असतो, त्याला लिहा. २०२१ च्या आयटी नियमांत पोच चोवीस तासांत आणि निकाल, २०२६ च्या दुरुस्तीनंतर, सात दिवसांत (आधी पंधरा), अशी मुदत आहे. मेलमध्ये तिचा उल्लेख करा. कॉपीराइटच्या बाबतीत २०१३ च्या नियमांतला ७५ वा नियम कामाचा: एकवीस दिवसांत तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर मजकूर पुन्हा चालू करायची मोकळीक मध्यस्थाला, म्हणजे मार्केटप्लेसला आहे. बाविसाव्या दिवशी आठवण करून द्यायला विसरू नका.

कोर्टात जाण्यात अर्थ आहे का?

कायदा तुमच्या बाजूने हत्यार देतो. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध ट्रेडमार्क कायद्यात कलम १४२, कॉपीराइटमध्ये कलम ६०, पेटंटमध्ये कलम १०६ आहे. धमकी निराधार असल्याचं जाहीर करून मागता येतं, ती थांबवायचा मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईही मागता येते. ट्रेडमार्क आणि कॉपीराइटमध्ये पळवाट अशी की समोरच्याने वेळेत खराखुरा उल्लंघनाचा दावा लावला तर तुमचा हा दावा अडतो. शिवाय तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थीची पायरी आहे.

माझं मत विचाराल तर चाळीस-पन्नास हजारांच्या मालासाठी आयपीचं काम करणाऱ्या वकिलाची एक कडक नोटीस पुरे. खातंच बंद पडलंय आणि धंदा त्यावरच चालतोय, किंवा तोच माणूस तिसऱ्यांदा तक्रार करतोय, तेव्हा दावा. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते कुठल्या फोनवरून काढले ते लिहून ठेवा.

अमेरिकेत विकतो. तिथे काय?

तिथे कॉपीराइटची काउंटर नोटीस, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचं उलट निवेदन, देता येते. तक्रारदाराने दावा लावला नाही तर दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो. पण ती खोटी ठरल्यास शिक्षेच्या जबाबदारीवर सही करायची असते, अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मान्य करावा लागतो आणि तुमचा पत्ता तक्रारदाराला जातो. भारतातली ट्रेडमार्क नोंदणी तिथे चालत नाही.

दुसरा विक्रेता माझ्याच लिस्टिंगवर येऊन विकतोय. मीही आयपी तक्रार टाकू?

तो तुमच्या ब्रँडच्या नावाखाली दुसराच माल पाठवत असेल तर जरूर टाका. अशा प्रकारे दुसऱ्याच्या लिस्टिंगला लटकण्याला दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ साली पासिंग ऑफ म्हटलंय. आधी एक नग मागवा, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. पण त्याने तुमच्याकडूनच घाऊक भावात घेतलेले जग कमी भावात लावले असतील, तर ती तक्रार खोटी आणि खोटारडे तुम्ही.

माझं नाव नोंदवून टाकू का?

टाका. व्यक्ती, स्टार्टअप किंवा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या धंद्याला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, बाकीच्यांना ९,०००. नाशिकचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने हरकतीसाठी, आणि नोंदणी झाली की दहा वर्षं.

झालेलं नुकसान भरून मिळतं का?

मार्केटप्लेसकडून नाही. आमचं लिस्टिंग परत आलं तेव्हा धनत्रयोदशी होऊन गेली होती आणि चौसष्ट जग खोक्यांत भरून माळ्यावर पडले होते. मार्गशीर्षात काढले तर निम्म्यांवर काळपट डाग. बायकोने आणि मी दोन रविवार चिंच-मीठ लावून ते घासले, मग दुकानाच्या पायरीवर मांडून विकले.